ससा माउंट करताना केस सुटू नयेत म्हणून: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

टॅक्सिडर्मी म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं टिकवून, आत आकार देऊन, तो जिवंत दिसेल असा उभा करणं, म्हणजेच माउंट करणं. ती शिकायला बसलेल्या बहुतेकांच्या हातात पहिलं जनावर येतं ते पाळीव ससा. मिळायला सोपा, आकाराने आवाक्यातला आणि कायद्याची अडचण नाही. फक्त त्याचं कातडं फार पातळ असतं आणि आपल्याकडची हवा त्याच्या मुळावर उठलेली असते. सोलणं झालं, धुणं झालं, आता फॉर्मवर (शरीराच्या आकाराच्या साच्यावर) चढवायचं म्हणून पोटावरून सहज अंगठा फिरवावा, तर केसांचा अख्खा पुंजका हातात येतो. शिकणारा तिथेच खचतो. यालाच स्लिपेज म्हणतात.

मी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयासाठी ससे आणि गिनीपिग माउंट करते, आणि नव्या मुलामुलींचा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीत वाया जाताना बघते. रसायनं कोणती वापरायची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: केस टिकणार की सुटणार हे बहुतेक वेळा सुरी लावण्याआधीच ठरतं. रसायनं नंतरची.

आधी कारण समजून घ्या

प्राणी मेला की त्याच्या आतड्यातले आणि कातडीवरचे जिवाणू कामाला लागतात. कातडीचा सगळ्यात वरचा पातळ थर केसांच्या मुळांभोवती आतपर्यंत गेलेला असतो. जिवाणू आणि पेशींमधून सुटलेले पाचक रस हा थर खालच्या जाड थरापासून सोडवतात. केस त्या वरच्या थरात रुतलेला असल्यामुळे थर सुटला की केसही जातो. उष्णता, ओल आणि वेळ, या तिन्हींनी हे काम झपाट्याने होतं. एकदा सुटलेला थर कुठल्याही औषधाने पुन्हा चिकटत नाही, हे मनाशी पक्कं करा. आपण फक्त पुढची पडझड थांबवू शकतो.

केस गळतात म्हणजे दरवेळी स्लिपेजच असतं असंही नाही. गळलेला पुंजका चिमट्यात धरून मुळाकडची बाजू उजेडात पाहा. मुळांना एकत्र धरून ठेवणारा पातळ, ओला, राखाडी पापुद्रा दिसला आणि खालची कातडी गुळगुळीत, जराशी बुळबुळीत लागली, तर ते स्लिपेज. केस सुटे सुटे येत असतील, मुळाशी पापुद्रा नसेल आणि खालची कातडी घट्ट, कोरडी असेल, तर ससा मेला तेव्हा त्याची केस बदलण्याची वेळ चालू होती. आतल्या बाजूने कातडं जास्त तासलं गेलं तर केसांची मुळंच कापली जातात. तेव्हा आतून बारीक ठिपके दिसतात आणि केस बाहेरून उपटावे तसे निघतात. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी नीट बघा, मग हात घाला.

काय काय लागेल

- हातमोजे, मास्क, अॅप्रन
- सर्जिकल ब्लेड आणि हँडल, बोथट टोकाची छोटी कात्री, चिमटे
- खडेमीठ, मिक्सरमधून बारीक केलेलं. एका सशासाठी दोन किलो घरात असू द्या
- सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, पण किलोच्या भावाने रसायनांच्या दुकानातून घ्या
- खाण्याचा सोडा
- पीएच पट्ट्या. यांच्याशिवाय पिकल करायला, म्हणजे कातडं मीठ-अॅसिडच्या पाण्यात मुरवायला, बसू नका
- झाकणाची प्लास्टिकची बादली. अॅल्युमिनियम किंवा लोखंड नको
- ७० टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल
- जाड प्लास्टिक पिशव्या, थर्मामीटर, टेबलफॅन
- दुरुस्तीसाठी पांढरा फेविकॉल, एपॉक्सी पुट्टी, अॅक्रिलिक रंग, जुना मऊ टूथब्रश

१. ससा कोणता घ्यायचा

कायद्याचं आधी. पाळीव ससा चालतो, रानससा चालत नाही. रस्त्यावर गाडीखाली आलेला रानससा, मुंगूस, उदमांजर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात येतात. मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो आणि तो ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. "मेलेलाच तर होता" हे उत्तर चालत नाही. वन्यप्राण्यांचं हे काम बघायची ओढ असेल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनविभागाचं टॅक्सिडर्मी केंद्र आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. संतोष गायकवाडांच्या पुढाकाराने ते २००९ मध्ये उभं राहिलं.

आता सशाबद्दल. फार्मवाले एप्रिल-मेमध्ये आपणहून फोन करतात, कारण उष्माघाताने ससे मरतात. असा ससा शक्यतो नाकारा. मरतानाच त्याचं अंग तापलेलं असतं, वर अंगावर लोकरीचा कोट, त्यामुळे आतली उष्णता तासन् तास बाहेर पडत नाही. आजारात ताप येऊन मेलेल्या सशाचंही तेच, शिवाय रोगाचा धोका वेगळा. मांसासाठी कापलेला निरोगी ससा सगळ्यात चांगला, किंवा मेल्याची वेळ नक्की ठाऊक असलेला. "काल रात्री कधीतरी" असं कुणी म्हणालं की समजून जा.

पोट दाबून पाहा. फुगलेलं आहे का? मांड्यांच्या आत केस बाजूला करून कातडीचा रंग बघा. हिरवट किंवा निळसर झाक असेल तर तिथले केस गेले असं धरून चाला. सशाचं आंधळं आतडं भलंमोठं असतं आणि त्यात सतत आंबवण्याचं काम चालू असतं. मेल्यावरही ते थांबत नाही. म्हणून सशाचं स्लिपेज बहुधा पोटापासून सुरू होतं. त्याखालोखाल कान, ओठ, पापण्या, पंजे आणि शेपटीचं मूळ.

२. पहिले दोन तास

सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

गरम ससा पिशवीत घालू नका. पिशवीत उष्णता आणि ओल दोन्ही कोंडतात. आणायला जाताना बर्फाचा डबा न्या. बर्फ पिशवीत बांधा म्हणजे ससा भिजणार नाही, आणि त्या पिशव्या पोटाखाली, मांड्यांच्या मध्ये, बगलेत ठेवा. पाठीवर बर्फ ठेवून फारसा उपयोग नाही, तिथली लोकर थंडी आत जाऊ देत नाही. घरी आल्यावर लगेच सोलायला बसणार असाल तर उत्तम. नाहीतर फ्रीजच्या खालच्या भागात, जाळीवर, पाय पसरवून, मोकळा ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पोटाला हात लावल्यावर थंडगार लागला की मगच फ्रीझरचा विचार करा.

रक्त किंवा लघवी अंगावर असेल तर थंड ओल्या फडक्याने टिपून घ्या. रक्त लागलेल्या जागी जिवाणू आधी जमतात.

३. फ्रीझर, आणि फ्रीझरमधून बाहेर

कान पाठीवर दुमडून, पाय अंगाशी घेऊन, हवा काढून दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. कागद ओल शोषतो आणि कान, नाक, पंजे वाळून कडक होतात. असं फ्रीझरमध्ये वाळलेलं कातडं पुढे पिकल शोषत नाही, आणि पिकल पोचलं नाही तिथे केस सुटतात. पिशवीवर तारीख लिहा.

बाहेर काढताना ससा ओट्यावर ठेवून बरेच जण कामाला जातात. तीस अंशांच्या स्वयंपाकघरात बाहेरचं कातडं दोन तासांत मऊ होतं आणि पोट अजून दगड असतं. आतलं वितळेपर्यंत बाहेरचं कुजायला लागतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कातडी हलायला लागली, आत मात्र अजून थोडा गारठा आहे, अशा अवस्थेत सोलायला घ्या. थंड शरीरावरून कातडी सोलणं सोपंही जातं. वितळवून पुन्हा गोठवणं, पुन्हा वितळवणं, हे एकदाही करू नका.

४. सोलताना

मापं आधी घ्या: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, छातीचा घेर, पोटाचा घेर, मानेचा घेर. एकदा सोललं की कातडं ताणून कितीही मोठं करता येतं, म्हणून फॉर्म या मापांवरूनच करायचा.

पोट आधीच शंकास्पद असेल तर पोटावर चीर देऊ नका, पाठीवरून उघडा. खराब झालेल्या कातडीवर टाके घालायची वेळ येत नाही. ओढाताण नको. बोटांनी ढकलत, लागेल तिथे ब्लेडने पडदा कापत पुढे जा. सुती कापड किंवा मक्याचं पीठ हाताशी ठेवा, रक्त किंवा पाणी आलं की लगेच टिपता येतं.

नवे लोक इथे कंटाळा करतात ते चार ठिकाणी: कान, ओठ, पापण्या, पंजे. कानाची कूर्चा कातडीपासून टोकापर्यंत सोडवून कान उलटा करा. ओठांचे दोन थर मधून विभागा. पापण्यांचंही तसंच. पंजे शेवटच्या सांध्यापर्यंत उघडा. मांस आत राहिलेल्या जागी मीठही पोचत नाही आणि अॅसिडही. माउंट होऊन आठवड्याने बोटांवरचे केस पडायला लागतात ते या आळसामुळे. शेपटीचं हाड पूर्ण काढा.

मग चरबी आणि मांस खरवडा. इथे हात हलका ठेवा, कारण सशाची कातडी कागदाइतकी पातळ आहे आणि जास्त तासलं तर मुळं उघडी पडतात. सगळा पडदा आत्ताच निघाला नाही तरी चालेल. एक दिवस पिकलमध्ये राहिल्यावर कातडी फुगते आणि तोच पडदा सहज निघतो.

५. मीठ लावायचं का?

मोठ्या जनावरांत मीठ अनिवार्य. सशात मी मीठ लावून वाळवत बसत नाही, थेट पिकल करते, आणि दमट हवेत राहणाऱ्यांना हेच सांगेन. कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात तर सगळीकडेच, मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि कातडं वाळण्याऐवजी चिखल होतं. मिठाने सगळे जिवाणू मरतात हाही गैरसमज आहे. मिठातच वाढणारे जिवाणू असतात आणि मिठागराच्या मिठात ते सापडतात. मिठातलं कातडं लालसर, गुलाबी पडलं तर ते त्यांचंच काम.

लगेच पिकल करता येत नसेल, लाइट गेली असेल, प्रवासात असाल, तर मीठ लावा. बारीक मीठ आतल्या बाजूला चोळून कानात, ओठांत, बोटांत भरा, कातडं तिरक्या फळीवर ठेवा म्हणजे पाणी निथळेल, आणि एका दिवसाने जुनं मीठ झटकून नवं लावा. झटकलेलं मीठ पुन्हा वापरू नका.

आणि टंकणखार? जुन्या पद्धतीत कच्चं कातडं टंकणखार लावून माउंट करत. टंकणखार किडीला आवर घालतो, सुटत आलेला केस मात्र धरून ठेवत नाही. शिवाय तो अल्कधर्मी आहे. पिकलमध्ये पडला तर अॅसिड मारून टाकतो. दोन पद्धतींची सरमिसळ करू नका.

६. पिकल

प्रमाण असं: १ लिटर पाण्याला १२० ग्रॅम मीठ आणि २० ते २५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड. एका सशाला चार लिटर पुरतं. आधी मीठ पूर्ण विरघळवा, मग अॅसिड, मग कातडं. मीठ नसलेल्या अॅसिडमध्ये कातडी बेसुमार फुगते आणि खराब होते, म्हणून हा क्रम बदलायचा नाही. पाणी गरम घेतलं असेल तर द्रावण पूर्ण गार झाल्यावरच कातडं घाला.

पीएच २ च्या आसपास हवा. कातडं घातल्यावर तो वर चढतो, त्यामुळे पहिल्या दिवशी दोन-तीनदा पट्टी बुडवून पाहा आणि २.५ च्या वर जाऊ लागला की अॅसिड वाढवा. कातडं बुडलेलं राहायला हवं. घडीत हवेचा बुडबुडा अडकला की तिथे द्रावण पोचत नाही. दिवसातून दोनदा हातमोजे घालून हलवा, कान उलगडा, पंजे दाबून आतली हवा काढा.

तापमानाकडे दुर्लक्ष होतं. बादली २० ते २४ अंशांत ठेवायचा प्रयत्न करा. उन्हाळ्यात पाण्याची गोठवलेली बाटली बादलीत सोडा आणि बदलत राहा. बर्फ थेट टाकला तर द्रावण पातळ होतं.

सशाला तीन दिवस किमान. एका दिवसाने बाहेर काढून ओठ, कानाचं मूळ, पंजे बारीक तासून घ्या आणि परत घाला. पिकलमध्ये दोन दिवस जास्त राहिलं तर बिघडत नाही, कमी राहिलं तर बिघडतं.

७. सोडा: इथे पुष्कळ चांगली कातडी वाया जातात

पिकलनंतर अॅसिड कमी करायला १ लिटर थंड पाण्यात एक सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात कातडं १५ ते २० मिनिटं हलवत राहायचं. घड्याळ लावा. सोडा जास्त झाला, वेळ जास्त झाला, की कातडं अल्कधर्मी होतं आणि चामड्याच्या कारखान्यात चुन्याने केस काढतात त्याच वाटेने तुमचे केस निघतात. पीएच पाचच्या आसपास आला की बाहेर काढून थंड पाण्यात धुवा. कोमट पाणी नाही, वॉशिंग मशीन नाही, पिळणं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

यानंतर टॅनिंग, म्हणजे कातडं कमावणं. फिटकरीचं करा किंवा तयार टॅन वापरा, तुमच्या टॅनच्या डब्यावरच्या सूचना पाळा. केस सुटण्याचा प्रश्न तोवर बहुतांशी मिटलेला असतो.

८. मध्येच केस सुटताना दिसले तर

हात थांबवा. विंचरू नका, "कुठवर सुटतंय बघू" म्हणून ओढू नका, धुऊ नका.

सोलायच्या आधी दिसलं तर: त्या भागावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल केसांच्या मुळांपर्यंत पोचेल असं ओता आणि ससा थंड ठेवूनच, शक्य तितक्या लवकर सोला. सोलल्यावर दिसलं तर अख्खं कातडं तासभर त्याच अल्कोहोलमध्ये बुडवा आणि तिथून थेट पिकलमध्ये. अल्कोहोल जिवाणू मारतं आणि कातडीतलं पाणी ओढून घेतं, त्याने पिकल भिनेपर्यंतचा वेळ मिळतो. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवाजवळचा दिवाही विझवलेला. हे पेटणारं द्रव्य आहे.

फॉर्मेलिनने केस घट्ट बसतात हे खरं आहे आणि जुने लोक ते सुचवतातही. पण कातडी ताठ होते, पुन्हा ताणता येत नाही, आणि फॉर्मेलिनची वाफ कर्करोगकारक आहे. घरात शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगते.

सुटलेला प्रत्येक पुंजका उचलून, टॉवेलवर वाळवून, कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर लिहा: "पोट, डावी बाजू". पोटावरचा केस आणि पाठीवरचा केस लांबीने, रंगाने, दाटपणाने वेगळा असतो. दुरुस्तीच्या वेळी ही पाकिटं सोन्याच्या मोलाची.

९. टक्कल झाकणं

सगळ्यात सोपा उपाय आधी बघा.

*कापून शिवणं.* सशाची कातडी ताणते. पोटावर किंवा मांडीत दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा गेला असेल तर बदामाच्या आकारात कापून काढा आणि कडा जोडून शिवा. फॉर्म त्या भागात जरा बारीक करावा लागेल.

*बैठक बदलणं.* पोट गेलं असेल तर दोन पायांवर उभा ससा करू नका. पाय दुमडून बसलेला करा, पोट जमिनीला टेकतं.

*ठिगळ.* त्याच सशाच्या उरलेल्या कातड्यातून जुळणारा तुकडा घ्या. कापताना कायम आतल्या बाजूने, नुसत्या ब्लेडच्या टोकाने कातडी चिरा, म्हणजे बाहेरचे केस कापले जाणार नाहीत. कात्रीने कापलेलं ठिगळ लगेच ओळखू येतं. केसांची दिशा जुळवून चिकटवा आणि कडेचे केस सुईने बाहेर ओढून एकमेकांत मिसळा.

*पुंजका पुंजका लावणं.* चेहऱ्याजवळ, जिथे ठिगळाची कड दिसेल, तिथे हेच करावं लागतं. केस ज्या दिशेला झुकतात त्या टोकाकडून सुरुवात करा: पाठीवर असेल तर शेपटीकडून डोक्याकडे. कौलं शाकारताना पाखीच्या खालून वर जातात तसं, प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीची मुळं झाकते. चिमट्यात थोडेच केस धरा, मुळाकडची बाजू कात्रीने सरळ कापा, पातळ फेविकॉलमध्ये जेमतेम टेकवा आणि तिरके ठेवा. दोन ओळींत तीन-चार मिलिमीटर पुरे. राखाडी-तपकिरी सशाच्या एकेका केसावर रंगाचे पट्टे असतात, म्हणून लांबी कमी करायची झाली तर मुळाकडूनच करा, टोकाला कधीही कात्री लावू नका. एक-दोन ओळी लावून वाळू द्या, मग पुढच्या. पूर्ण वाळल्यावर टूथब्रशने हलकेच विंचरा.

फेविक्विक वापरू नका. ते केसांवर पांढरी बुरशीसारखी साय आणतं आणि केस काटेरी होतात.

नाक, ओठांची कड, पापण्या इथले बारीक केस गेले तर एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर देऊन आकार करा, अॅक्रिलिक रंग द्या, आणि रंग ओला असतानाच बारीक कातरलेला केस वरून भुरभुरा. कानाच्या कडेलाही हेच चालतं.

अर्धा चेहराच गेला असेल तर थांबा. माउंटचा हट्ट सोडा आणि सांगाडा करायला घ्या. हाडं उत्तम असतात आणि संग्रहालयाला सशाचा सांगाडाही हवाच असतो.

१०. वाळवणं आणि नंतर

फॉर्मवर चढवल्यावरही कातडं ओलंच असतं. पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलं तर कानाच्या मुळाशी आणि पंजांत बुरशी येते. पंखा मंद, चोवीस तास, जमल्यास एसी किंवा डीह्युमिडिफायरच्या खोलीत. ऊन आणि हेअर ड्रायरची गरम हवा नको. बाहेरून लवकर आक्रसून टाके उघडतात. पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ कान, ओठ, पापण्या जागच्या जागी आहेत ना ते बघा.

वर्षभराने केस पडायला लागले तर स्लिपेज समजू नका. माउंटखाली भुशासारखी पूड आणि लहान केसाळ अळ्यांच्या काती दिसतात का बघा. ती कीड आहे, केस मुळाशी कुरतडते. माउंट प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, नाहीतर सगळं दव कातडीवर बसतं.

कॉलेजच्या कपाटातले जुने माउंट दुरुस्तीला मिळाले तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका. पूर्वी कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण लावायची सर्रास पद्धत होती आणि ते आर्सेनिक आजही तिथेच असतं. असा माउंट झटकू नका, ब्रशने झाडू नका, आणि विभागप्रमुखांना सांगून कपाटावर तशी चिठ्ठी लावा.